कावळा नसलेल्या बेटावरचे तीन दिवस

प्रिय दादा,

अकरा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज सकाळी सकाळी ऋतूची जुनी वही घेऊन गच्चीच्या जिन्यात बसलोय. तू समोर असतास तर तोंडाकडे बघूनच म्हणाला असतास, "योग्या, काय करून आलास?" आज काही केलं नाही, दादा. जे करायचं ते तेव्हाच केलंय. आता ते उघडं पडायची वेळ आलीय आणि मी घाबरलोय.

काल दुपारी कोयाका दिसला. बेटावरचा आपला शेजारी, ज्याच्या पडवीत बसून आपण रोज काळा चहा प्यायचो, तोच. तुझ्या ऋतूने त्याच्या नातवाला फोनवर कुठून तरी हुडकून काढलं. पोरगी वीस वर्षांची झालीय आणि तुझ्यासारखीच हट्टी आहे. बाबा जिथे गेले ती जागा आईला एकदा दाखवायचीच, असं तिने ठरवलंय. परवाने झाले, कोचीहून बोटीची तिकिटं झाली, पुढच्या मंगळवारी निघायचंय. "काका, तुम्ही नसाल तर आम्हाला कोण दाखवणार?" म्हणाली. माझंही तिकीट काढून मोकळी झाली.

तर काल व्हिडिओ कॉल लागला. वहिनी खाली पुढच्या खोलीत बसून एका जांभळ्या पैठणीला फॉल लावत होत्या. येवल्याच्या दुकानांचं फॉल-पिकोचं काम त्या घरी आणून करतात, बरीच वर्षं झाली. कोयाका पार वाळलाय, तोंडात दात नाही. वहिनींना बघून त्याने हात जोडले आणि रडायलाच लागला.

"भाभी," तो म्हणाला, "तीन दिन भाई आपका नाम लिया. तीन दिन."

तेवढ्यात नेटवर्क गेलं. वहिनींच्या हातातली सुई थांबली होती.

"तीन दिवस?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "भाऊजी, तुम्ही तर म्हणाला होतात, झोपेत गेले."

आणि मी काय म्हटलं असेन? म्हटलं, "त्याचं हिंदी कच्चं आहे, वहिनी. तीन महिने म्हणायचं असेल त्याला."

"असेल," त्या म्हणाल्या आणि पुन्हा टाके घालायला लागल्या. पण पुढचे टाके वाकडे पडले. मी बघितले.

मंगळवारी निघालो की चार दिवसांनी कोयाका धक्क्यावर उभा असणार. तिथे नेटवर्क जायचा प्रश्न नाही, माणूस समोरासमोर बोलतो. तो सगळं सांगेल. म्हणजे वहिनींना ते माझ्या तोंडून कळणार की परक्याच्या, एवढाच प्रश्न उरलाय. कालपासून दोनदा खाली गेलो. एकदा साखर मागून परत आलो. घरात साखरेचा डबा भरलेला होता, माझी बायको मेघा बघतच राहिली.

म्हणून म्हटलं, आधी तुला सांगून बघू. तुला निदान बरंचसं माहीत आहे. पण एक गोष्ट तुलाही माहीत नाही. तीही सांगतो, पण ओळीने येऊ दे. मी एकदम तिच्यावर आलो तर लिहिणं सोडून उठेन.

तुला अण्णांचा दहावा आठवतो? नाशकात गंगेवर आपण सगळे उन्हात उभे, पिंड मांडलेला आणि कावळे नुसते झाडावर बसून. सगळ्यांनी हात जोडून झालं. आईचा सांभाळ करू म्हणून झालं, सटाण्याचं घर विकणार नाही म्हणून झालं. दीड तास झाला, गुरुजी घड्याळ बघायला लागले. मग तू पुढे झालास आणि मोठ्याने म्हणालास, "अण्णा, योग्याला मी टाकणार नाही. जिथं जाईन तिथं घेऊन जाईन." तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा खाली आला. मी तेव्हा बावीस वर्षांचा, बारावी दोनदा नापास, वायरमनचा कोर्स अर्धा टाकलेला. सगळे माझ्याकडे बघून हसले. मला मात्र तेव्हा एक गोष्ट पक्की कळली. मेलेला माणूससुद्धा नाही म्हणू शकतो.

सातपूरच्या कंपनीतलं तुझं खातं बंद झालं आणि तुला त्या बेटावरच्या पॉवरहाउसचं काम मिळालं, तेव्हा तू साहेबांना अट घातलीस की इलेक्ट्रिशियन म्हणून माझा भाऊ येईल. अण्णांना दिलेला शब्द. वहिनींना तो शब्द कधीच पटला नव्हता, आणि त्यांचं काय चुकलं? ऋतू नऊ वर्षांची होती. त्या म्हणत होत्या, इथे नाशकात हजार वर्कशॉप आहेत, कुठेही लागेल काम. तू ऐकलं नाहीस. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी ते वाक्य उच्चारलं. "गेलात तर परत आलात काय आणि नाही आलात काय, मला सारखंच." मी बाहेर बूट पुसत होतो. मला ऐकू आलं, म्हणजे तुला किती जोरात ऐकू आलं असेल. सकाळी तू बॅग उचललीस आणि मागे वळून न बघता निघालास. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

ते बेट मात्र तुला पहिल्या दिवसापासून आवडलं, खरं सांग. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत अर्धा तास. पांढरी वाळू, नारळ, आणि पाणी असं की तळाचा दगड दिसावा. आपण द्राक्षांच्या गावची माणसं, गंगेला पूर आला की बघायला जाणारी. तू पहिले आठ दिवस समुद्राकडे पाठ करून जेवायला बसला नाहीस. दोन जनरेटर होते, त्यांना तू सासू आणि सून म्हणायचास, कारण दोन्ही एका वेळी सुखाने चालायचे नाहीत. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावायचास आणि सांगायचास, तिसऱ्या सिलेंडरचा व्हॉल्व बोलतोय. उघडून बघितलं की तोच निघायचा. बेटावरची पोरं तुला बघायला दारात जमायची.

आणि एका सकाळी तुझ्या लक्षात आलं की इथे पहाटे काहीतरी कमी आहे. दोन दिवस विचार करत होतास. तिसऱ्या दिवशी दात घासता घासता म्हणालास, "योग्या, इथं कावळाच नाही रे." कोयाकाला विचारलं, तोही म्हणाला, नाही, कधीच नव्हता. तू ब्रश तोंडात धरून हसत सुटलास. "म्हणजे इथं मेलो तर पंचाईत. कोण शिवणार?" मीही हसलो. किती हसलो आपण त्या दिवशी.

वहिनी फोनवर यायच्या नाहीत. ऋतूला फोन द्यायच्या आणि स्वतः भांडी वाजवत राहायच्या. तू ऋतूशी बोलता बोलता मधेच थांबून ती भांडी ऐकायचास. मला वाटायचं, तुला राग आहे. तू कधी काही बोलला नाहीस, मीही विचारलं नाही. आपल्या घरात कोण कोणाला असलं विचारतं?

पावसाळा लागला आणि समुद्र बंद झाला. बोट नाही, भाजी नाही, आठवड्यातले चार दिवस आभाळ जमिनीला टेकलेलं. त्यातलीच ती दुपार. जेवून उठलास आणि छातीवर हात ठेवून म्हणालास, "जळजळतंय." मी म्हटलं, पित्त. तूही म्हणालास, पित्तच असेल. आपल्या घरात डोकं दुखलं की पित्त, चक्कर आली की पित्त, पोरगी नापास झाली तरी तिला पित्त झालं असेल. मी लिंबू आणि सोडा दिला. तू ढेकर दिलास, मी म्हटलं, बघ, सुटलं. सुटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा बनियन घामाने ओला, डावा हात तू सारखा चोळतोयस, आणि मी? मी आलं किसत होतो, दादा. आल्याचा रस आणि मध. तू म्हणालास, दवाखान्यात जाऊ या का रे? मी म्हटलं, पित्तासाठी दवाखाना? डॉक्टर हसतील. मग तू गप्प बसलास, कारण तुला आपलं हसं झालेलं आवडत नसे आणि ते मला माहीत होतं.

दुपारी कोयाका डोकावला. त्याने तुझ्याकडे एकदा बघितलं आणि सरळ पाठीवर घेतलं. मी छत्री धरून मागे पळत होतो.

डॉक्टर तरुण होते, भले होते. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली आणि त्यांचा चेहरा बदलला. हार्ट अटॅक. "कधीपासून दुखतंय?" त्यांनी विचारलं. औषध त्यावर ठरणार होतं. मी म्हटलं, "आज सकाळपासून." आदल्या दुपारपासून म्हटलं असतं तर ते मला काय म्हणाले असते, एवढाच विचार तेव्हा डोक्यात आला. तू खाटेवरून माझ्याकडे बघितलंस. तुला बोलायचं होतं. मग डोळे मिटून घेतलेस. मला वाचवलंस ना तिथेसुद्धा? फरक पडला असता की नाही, ते मी आजवर एकाही डॉक्टरला विचारलं नाही. विचारायची हिंमत नाही.

हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हतं. वारा तसा होता. डॉक्टर म्हणाले, शांत पडून राहू दे, फार बोलू देऊ नका. मी तुझा मोबाइल काढून माझ्या खिशात ठेवला.

तिसऱ्या दिवशी तुला जरा बरं वाटलं. उशीला टेकून बसलास, पेज प्यायलास, सासू नीट चालतेय का म्हणून विचारलंस. पाऊस थांबला होता. मी धक्क्यावर जाऊन आलो, तिथे रेंज होती, साहेबांशी बोलणंही झालं. परत आलो तर तू विचारलंस, "रेंज आलीय का? सुनंदाला लाव ना."

मी म्हटलं, "नाही रे. गेलीय."

दादा, रेंज होती. दवाखान्याच्या खिडकीतसुद्धा दोन काड्या दिसत होत्या. मी खोटं बोललो. का? आपल्याकडे असंच करतात म्हणून. अण्णा दवाखान्यात होते तेव्हा आईला आपण चार दिवस नुसता ताप आहे म्हणून सांगत नव्हतो का? बाईमाणसाला आधी कळवायचं नाही, उगाच घोर लागतो. बरं झालं की सांगू, आणि नाही झालं तर मग सांगावंच लागतं. मला वाटलं, तू आजारी आवाजात बोलशील, वहिनी तिकडे हंबरडा फोडतील, तुझी छाती पुन्हा भरून येईल. हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. दुसरं कारण असं की त्या विचारतील, कधीपासून दुखतंय.

आता ती गोष्ट. तू पाणी मागितलंस, मी तांब्या घ्यायला वाकलो, आणि खिशात तुझा फोन थरथरला. बाहेर पडवीत येऊन बघितला. स्क्रीनवर वहिनींचं नाव होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी आपण होऊन फोन केला होता.

मी तो कापला. लाल बटण दाबलं आणि आत येऊन तुला पाणी दिलं. तू विचारलंस, कोण होतं? मी म्हटलं, कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तू गेलास. जागा होतास, माझा हात धरला होतास, आणि मला एक निरोप दिलास, वहिनींसाठी. तो मी इथे लिहीत नाही. तो माझा नाही. इतकी वर्षं माझ्याजवळ राहिला म्हणून माझा होत नाही.

जाळायला लाकूड नव्हतं. नारळाचं खोड ओलं, ते नुसतं धुमसतं. बेटावरची माणसं मशिदीच्या आवारात जमली, बराच वेळ बोलत होती, मला एक अक्षर कळत नव्हतं. तिथे आजवर कोणाला जाळलंच नव्हतं. मग कोयाका माझ्याकडे आला. "भाई, मेरा पुराना नाव है. बाप का नाव. सूखा है. ले लो." त्याच्या वडिलांची होडी, वीस वर्षं छपराखाली ठेवलेली. त्याने पहिली कुऱ्हाड स्वतः घातली. खोबरेल तेल घराघरातून आलं. जाळ हिरवा-निळा उठला, दादा. खाऱ्या पाण्याचं लाकूड असंच जळतं म्हणे. घरी मेघाने गॅस लावला की मी अजून स्वयंपाकघरातून बाहेर येतो. तिला वाटतं, मला फोडणीचा खकाणा सहन होत नाही.

तू गेलास त्याच सकाळी मी नाशिकला फोन लावला. वहिनींना सांगितलं, झोपेत गेला, काही त्रास झाला नाही. मग त्यांनी विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलले होते का?" मी म्हटलं, "झोपेतच गेला, वहिनी." निरोप सांगितला असता तर तू जागा होतास हे सांगावं लागलं असतं. जागा होतास म्हटलं की तीन दिवस आले, तीन दिवस आले की फोन आला. एक दोरा ओढला की सगळी शिवण उसवली असती. मी दोरा ओढलाच नाही.

दहाव्या दिवशीही समुद्र बंदच होता. त्या दिवशी मात्र रेंज भरपूर. पंचवटीतले आपले गुरुजी फोनवरून सांगत होते आणि मी वाळूत बसून करत होतो. शेवटी ते म्हणाले, कावळा नसेल तर दर्भाचा करा आणि शिववा. दर्भही नव्हता. कोयाकाने नारळाच्या पातीचा पक्षी विणून दिला. "कोची में देखा है कौआ," म्हणाला, आणि चोच जरा जास्तच लांब केली.

मला काय करायचं होतं ते माहीत होतं. हात जोडायचे आणि मोठ्याने म्हणायचं, दादा, वहिनींना तुझा निरोप सांगेन, फोनचं सांगेन, सगळं सांगेन. नाशकात असतो तर म्हणावंच लागलं असतं. तिथे सगळं गाव उभं असतं, कावळे झाडावर बसून राहतात, माणूस किती वेळ गप्प राहील? इथे कोण होतं? मी तो पातीचा पक्षी उचलला आणि स्वतःच्या हाताने त्याची चोच पिंडाला लावली. झालं. एक मिनिटही लागलं नाही. तुला नाही म्हणायची संधीच दिली नाही मी.

आईने फोनवर पहिला प्रश्न तोच विचारला. "कावया शिवना का रे?" म्हटलं, हो आई, लगेच शिवला. ती म्हणाली, मन्हा पोऱ्या सुखी गया. त्या समाधानात ती पुढची चार वर्षं जगली. तिथे भेटली असेल तर आतापर्यंत तुझ्याकडून सगळं कळलंच असेल तिला. मला शिव्या घातल्या असतील.

बोट सुरू झाल्यावर स्टीलच्या डब्यात तुला घेऊन आलो. रामकुंडावर वहिनींनीच अस्थी सोडल्या. सगळे म्हणत होते, झोपेत मरण यायला पुण्याई लागते. परतताना रिक्षात वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, आदल्या दिवशी मी फोन केला होता त्यांना. त्यांनी कापला."

मी रिक्षावाल्याला म्हटलं, जरा हळू घ्या, पुढे खड्डा आहे.

दर पितृपक्षात वहिनी तुझ्या तिथीला सगळं करतात. खीर, वडे, गवारीची भाजी, कढी. पान घेऊन आम्ही गच्चीवर येतो. सातपूरला कावळ्यांना काय तोटा? शेजारच्या गच्चीवरची पानं दोन मिनिटांत फस्त होतात. आपल्या टाकीच्या पाइपावर एक येऊन बसतो आणि बघत राहतो. पानाकडे नाही, माझ्याकडे. तुला हे वाचून हसू येईल, पण तू इथे उभा राहून बघ एकदा. वहिनी हात जोडून म्हणतात, "चुकलं माझं. रागात बोलले. आता तरी राग सोडा." डोळ्यांना पदर लावतात आणि पुन्हा तेच म्हणतात. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी मागे उभा. मला माहीत आहे की त्यांचं काहीच चुकलेलं नाही, आणि मी मिठाची गुळणी धरून उभा.

एका वर्षी मला तिथे थांबवेना. पाण्याचा तांब्या आणतो म्हणून खाली आलो. जिन्याच्या चौथ्या पायरीवर होतो, तर वरून ऋतू म्हणाली, "आई, शिवला बघ." तेव्हापासून दरवर्षी मी काहीतरी निमित्त काढून खाली येतो. मी खाली आलो की तो शिवतो. योगायोग असेल. मेघा म्हणेल योगायोग. मी मात्र त्या दिवशी जेवत नाही, पोट बिघडलं म्हणून सांगतो. पित्त झालंय म्हणतो.

बाजूच्या मंगल कार्यालयात लाइट गेली की जनरेटर सुरू होतो. पहिल्या धडधडीला माझा हात आपोआप खिशावर जातो. इतक्या वर्षांत मी माझा फोन कधी थरथरता ठेवला नाही. वाजला की मोठ्याने वाजतो, लोक वैतागतात.

तुझ्यावरही माझा राग आहे, सांगू का? डॉक्टरांसमोर तू गप्प का बसलास? मला लहानपणापासून असंच सांभाळलंस. काच मी फोडायची आणि छडी तू खायची. अण्णांना शब्द दिलास म्हणून की काय, मला कधी कशाची शिक्षाच होऊ दिली नाहीस. एकदा तरी कान धरला असतास तर त्या खाटेशेजारी मी खरं बोललो असतो. हे लिहितोय आणि माझं मलाच कळतंय की आत्तासुद्धा मी तुझ्यावरच ढकलतोय. माझी खोड जाणार कधी?

आता साडेनऊ झालेत. खाली मशीन सुरू झालंय, वहिनी पिकोला बसल्या. मी पहिल्या पानापासून वाचून बघितलं. सुरुवात केली तेव्हा वाटत होतं, तुला सांगितलं की हलकं वाटेल. नाही वाटलं. तुला सांगणं म्हणजे पुन्हा त्या पातीच्या पक्ष्याला सांगण्यासारखंच आहे. तू तिकडून काय म्हणणार? नाही म्हणणारं माणूस खाली बसलंय.

तेव्हा दादा, ऐक. मंगळवारची वाट बघणार नाही. कोयाकाच्या आधी सांगायचं म्हणून नाही, आज सांगायचं म्हणून सांगणार. हे पत्र नीटनेटकं करून परत लिहिणार नाही, आल्याच्या रसाची ओळ खोडणार नाही. आत्ता उठतो आणि वही वहिनींच्या हातात देतो. त्या वाचत असताना जिन्यात येऊन बसणार नाही, समोर बसेन. त्यांनी वही तोंडावर मारली तर मारू दे. उद्यापासून खालचं दार मला बंद झालं तर ते मी वाजवणार नाही. ऋतूने तिकीट रद्द करायला सांगितलं तर करेन, आणि चल म्हणाली तर जिथे होडी जाळली तिथे घेऊन जाऊन सगळं पुन्हा तोंडाने सांगेन. हा माझा शब्द. या वेळी मध्ये कोणाला उभं करणार नाही.

वहिनी, तुम्ही इथपर्यंत वाचलंत. आता पुढचं तुमचं आहे.

पहाटे सहाच्या सुमाराला दादाने माझा हात धरला आणि म्हणाला, "सुनंदाला सांग, मी चिडलेलो नाही. एक दिवससुद्धा नव्हतो. म्हणावं, तूच बरोबर होतीस, मला तिथंच काम बघायला पाहिजे होतं. साहेबांना सांगून टाकलंय, दुसरा माणूस बघा म्हणून. पावसाळा सरला की पहिल्या बोटीनं येतोय."

मग म्हणाला, "नीट सांग. तिला वाटत असेल, मी बोलत नाही."

तुमचा दोघांचा,
योगेश